सव्वासहा तासांचा वाढदिवस

डिसेंबरच्या मध्याला केतकी ऑकलंडहून विमानात बसली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तेरा तासांनी ती व्हँकूवरला उतरली आणि तिथल्या घड्याळात त्याच दिवसाच्या सकाळचे आठ वाजले होते. म्हणजे निघण्याच्या आठ तास आधीच ती पोचली होती. बाकीची माणसं सामान ओढत निवांत बाहेर चालली होती, कुणाला त्यात काही नवल वाटत नव्हतं. न्यायला आलेल्या बाबांना केतकीने विचारलं तर ते म्हणाले, "असंच असतं गं. चल, पार्किंगचे पैसे वाढतायत."

परतीच्या तिकिटावर मात्र उलटंच होतं. निघायचं नऊ जानेवारीला संध्याकाळी आणि पोचायचं अकरा जानेवारीला सकाळी. केतकीने दोन्ही तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या.

"बाबा, दहा तारीख कुठे गेली?"

बाबा तिची बॅग भरत होते. "समुद्रात एक रेघ असते. ती ओलांडली की तारीख बदलते."

"पण दहाला माझा वाढदिवस आहे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले, आणि तिचा निळा स्वेटर तिसऱ्यांदा घडी करू लागले. "काय करणार, दुसरं विमानच नव्हतं."

केतकीचे आईबाबा गेल्या वर्षी वेगळे झाले. आई, सुमेधा, ऑकलंडला जनावरांची डॉक्टर आहे. बाबा, हृषीकेश, व्हँकूवरला पुलांचे आराखडे करतात. केतकीची शाळा ऑकलंडला, त्यामुळे ती राहते आईकडे. पण उन्हाळ्याची सुट्टी दोघांत निम्मी-निम्मी वाटून घ्यायची असं ठरलं होतं, आधी बाबा, मग आई. (न्यूझीलंडमध्ये उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो.) वाटणी अगदी न्यायाची होती. फक्त सुट्टीचा मध्य नेमका जानेवारीच्या नऊ-दहा तारखेला येत होता.

त्यावरून दोन महिने फोन चालले. केतकी आपल्या खोलीत गणितं सोडवत बसायची आणि बंद दाराआडून आईचा आवाज यायचा. "दहा तारीख माझ्या वाट्यात आहे." मग जरा शांतता. मग, "अर्धा दिवस म्हणजे काय? सकाळी केक कापायचा आणि दुपारी पोरीला विमानतळावर नेऊन सोडायचं?" मग एका रविवारी भांडण अचानक मिटलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "ठरलं बाई एकदाचं. नऊला निघायचं. दुसरं विमानच नाहीये." केतकीला तेव्हा हायसंच वाटलं होतं. विमानच नाही म्हटल्यावर कोण कुणाशी भांडणार?

व्हँकूवरच्या विमानतळावर बाबांनी तिला सोबतीच्या हवाली केलं. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांना आता असा एक यंत्रमानव मिळतो. हा केतकीच्या खांद्याइतका उंच होता, खाली चाकं, वर वाटोळं डोकं आणि छातीवर एक चौकोनी पडदा. मूल घरी जी भाषा बोलतं ती त्याच्यात आधीच भरलेली असते.

"नमस्कार. मी या प्रवासात आपला सोबती आहे," तो म्हणाला. "आपणांस काही हवे असल्यास सांगावे."

"आपणांस कोण?"

"आपण."

"मला तू म्हण," केतकी म्हणाली. "आणि शाळेतल्या सूचनाफलकासारखं बोलू नकोस."

"बरं. प्रयत्न करतो."

बाबांनी तिला जवळ घेतलं. ते म्हणाले, "वाढदिवसाचं तू पोचल्यावर बघू." ती आत वळली तेव्हा ते फोनमध्ये पाहत होते.

विमान हायड्रोजनवर चालणारं होतं. त्याच्या मागे धूर निघत नव्हता, नुसती पाण्याची वाफ. केतकीची जागा त्यांच्या भागातल्या पहिल्याच रांगेत, खिडकीपाशी होती. शेजारी एक धिप्पाड बाई बसली होती, चाळिशी ओलांडलेली, केसांत फूल खोवलेली. तिने इंग्रजीत नाव सांगितलं, मालिया. ती सामोआची होती. सामोआ म्हणजे न्यूझीलंडच्या ईशान्येला प्रशांत महासागरातली छोटी छोटी बेटं. इतकं सांगून तिने डोळे मिटले. सोबती रांगेच्या टोकाला, मधल्या वाटेत उभा राहिला.

जेवण झाल्यावर केतकीने त्याला हळूच बोलावलं.

"हे विमान दीड दिवस उडतं का?"

"नाही. चौदा तास."

"पण नऊच्या संध्याकाळपासून अकराच्या सकाळपर्यंत दीड दिवस होतो."

"तू तारखा वजा केल्यास," सोबती म्हणाला. "प्रवासाला किती वेळ लागतो ते तारखांवरून कळत नाही. ते अंतरावरून आणि वेगावरून कळतं. व्हँकूवर ते ऑकलंड हे अंतर सुमारे अकरा हजार साडेतीनशे किलोमीटर आहे. विमान तासाला साधारण नऊशे किलोमीटर जातं. भागाकार कर."

केतकीने डोक्यात केला. "साडेबाराच्या आसपास."

"त्यात वर चढायला, खाली उतरायला आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला थोडा वेळ द्यायचा. झाले चौदा तास. तुझ्या अंगाला, भुकेला आणि झोपेला चौदाच तास जाणवतील. बाकीचे तास घड्याळांच्या हिशेबातले आहेत."

"मग दहा तारीख कुठे गेली?"

सोबतीच्या पडद्यावर पृथ्वीचा गोल आला. त्यावर उभ्या रेघा होत्या, सोललेल्या मोसंबीच्या फोडींसारख्या. "या रेघांना रेखांश म्हणतात," तो म्हणाला. "(उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत मनाने ओढलेल्या रेघा.) पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून—"

"तू आता कंस पण बोललास."

"व्याख्या कंसात असते. मी ती कंसासकट वाचली. चूक झाली." तो थोडा थांबला. "बसून सांगितलं तर तुला ते पाठ होईल, पण कळेल की नाही याची मला खात्री नाही. चालायला येतेस?"

विमानात त्यांच्या भागात बसण्याच्या बारा रांगा होत्या आणि रांगांमधून जाणाऱ्या दोन वाटा. मागच्या टोकाला आणि पुढच्या टोकाला या वाटा एकमेकींना मिळत होत्या. म्हणजे एका वाटेने मागे जायचं, वळायचं आणि दुसऱ्या वाटेने पुढे यायचं, की एक पूर्ण फेरी.

"हे विमान म्हणजे आता पृथ्वी," सोबती म्हणाला. "जाताना बारा रांगा, येताना बारा. एकूण चोवीस थांबे. आपण पश्चिमेकडे चाललोय असं समज. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून सूर्य आधी पूर्वेकडच्या गावांना दिसतो आणि मग पश्चिमेकडच्या. तुझ्या गावात दुपारचे बारा वाजले असतील, तर पश्चिमेच्या गावात अजून बारा वाजायचे असतात. चोवीस तासांत पृथ्वीची एक फेरी होते. म्हणून चोवीसांतला एक थांबा पश्चिमेला सरकलं की घड्याळ किती मागे करायचं?"

"एक तास."

"तू सांग, मी करतो."

त्याच्या पडद्यावर आता घड्याळ होतं. नऊ जानेवारी, रात्रीचे नऊ. केतकी एक रांग मागे गेली आणि म्हणाली, "एक तास मागे." पडद्यावर आठ वाजले. आणखी एक रांग. सात. लोक झोपण्याच्या तयारीत होते. कुणी पायाखाली उशी घेत होतं, एक बाळ किरकिरत होतं. आपल्या पायांजवळून एक मुलगी आणि एक यंत्रमानव तास मोजत चाललेत याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मागच्या टोकाला पोचेपर्यंत सकाळचे नऊ झाले होते. दुसऱ्या वाटेने पुढे येताना पहाट झाली, मग मध्यरात्र, आणि मध्यरात्रीच्या पलीकडे पडद्यावरची तारीख बदलली. केतकी थबकली, पण मोजत राहिली. शेवटचा थांबा म्हणजे पुन्हा तिचीच रांग. पडद्यावर आकडे होते, आठ जानेवारी, रात्रीचे नऊ.

"आता मालियाला तारीख विचार," सोबती म्हणाला.

मालिया जागीच होती. "नऊ," ती म्हणाली. "का गं?"

केतकी पडद्याकडे बघत राहिली. तिने काहीच चुकवलं नव्हतं. प्रत्येक थांब्यावर तिने अगदी योग्य तेच केलं होतं, तरी फेरी पूर्ण करून आपल्याच जागी आल्यावर ती सगळ्यांच्या एक दिवस मागे पडली होती.

"म्हणजे वाटेत कुठेतरी एक दिवस पुढे करायलाच हवा," ती सावकाश म्हणाली. "नाहीतर जो कुणी पृथ्वीला फेरी मारेल त्याची तारीख चुकणार."

"बरोबर. आणि उलट्या दिशेने, पूर्वेकडे फेरी मारली तर घड्याळ दर थांब्याला पुढे करावं लागतं, म्हणून तिथे एक दिवस मागे करायचा. ज्या रेघेवर हे करायचं तिला आंतरराष्ट्रीय वाररेषा म्हणतात. ती निसर्गात नाही. ती कुठे असावी हे माणसांनी ठरवलं."

"कुठे ठरवलं?"

"प्रशांत महासागरात, बरीचशी एकशे ऐंशी रेखांशाच्या आसपास. तिथे जमीन कमी. जमीन कमी म्हणजे माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणजे तारखेवरून भांडायला कुणी नाही."

केतकी जागेवर बसली. डिसेंबरातलं कोडं तिला आता आपोआप सुटलं. येताना ती पूर्वेकडे आली होती. रेघेवर एक दिवस मागे झाला, म्हणून निघण्याच्या आधी पोचल्यासारखं वाटलं. तेव्हा तिला एक तारीख जवळजवळ दोनदा मिळाली होती. आता तीच परत घेतली जात होती.

"हिशेब पूर्ण होतो," सोबती म्हणाला. "एक दिवस मिळाला, एक गेला."

"ती पंधरा डिसेंबर होती," केतकी म्हणाली. "पंधरा डिसेंबर दोनदा घेऊन मी काय करू?"



मालिया हे सगळं ऐकत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण पडद्यावरचा गोल आणि ती रेघ तिने ओळखली. तिने विचारलं तेव्हा केतकीने तिला इंग्रजीत सगळं सांगितलं, वाढदिवसासकट.

"आमच्या देशाने अख्खा एक दिवस गाळला होता," मालिया म्हणाली. "मी सात वर्षांची होते. आधी आम्ही रेघेच्या पलीकडे होतो, तुझ्या वडलांच्या बाजूला. पण आमचा सगळा व्यापार न्यूझीलंडशी आणि ऑस्ट्रेलियाशी. आमचा शुक्रवार तेव्हा त्यांचा शनिवार, म्हणजे तिकडे सुट्टी. त्यांचा सोमवार तेव्हा आमचा रविवार, म्हणजे इकडे सुट्टी. आठवड्यात धड चार दिवस कामाचे मिळायचे. शेवटी ठरलं, रेघ उचलून आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवायची. एकोणतीस डिसेंबरच्या रात्री झोपलो आणि उठलो ते एकतीसला."

"मग तीस तारखेला ज्याचा वाढदिवस होता त्याचं काय झालं?"

"होता ना असा एक. माझा मामेभाऊ. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. मग गावाने त्याचा वाढदिवस एकोणतीसला केला आणि एकतीसला पुन्हा केला. दोन डुकरं कापली." मालिया हसली. "अजून सांगतो सगळ्यांना, माझे दोन झाले म्हणून."

केतकीही हसली. पण ते हसू फार टिकलं नाही. तिच्या मनात काहीतरी खुपत होतं. ती बराच वेळ खिडकीच्या काचेवर बोट फिरवत बसली. मग तिने सोबतीला विचारलं.

"हे विमान परत कधी जाणार? व्हँकूवरहून ऑकलंडला?"

"उद्या. हे रोज जातं."

"काल पण गेलं होतं?"

"हो. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशीही."

"भरलेलं होतं का?"

"काल पस्तीस जागा रिकाम्या होत्या. आज बावीस आहेत. उद्याच्या विमानात अजून शंभराहून जास्त शिल्लक आहेत. आणखी काही माहिती हवी आहे का?"

"नको," केतकी म्हणाली.

आठला निघाली असती तर ती दहाच्या सकाळी आईकडे पोचली असती आणि अख्खी दहा तारीख आईची झाली असती. दहाच्या संध्याकाळी निघाली असती तर तो दिवस बाबांचा झाला असता. दोन्ही विमानं होती. दोघांनाही ते माहीत होतं. दुसऱ्याला मिळण्यापेक्षा कुणालाच नको, एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत झालं होतं. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. आणि दोघांनीही तिला एकच खोटं सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

तिला रडू आलं, पण ते आवाज न करता आलं, नाक चोंदून. मालियाने विचारलं नाही, फक्त आपली शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली. सोबतीने मान वळवली.

"तू रडतेयस," तो म्हणाला. "कारण मला समजलं आहे. उपाय माझ्याकडे नाही. पाणी आणू?"

"आण."

ती पाणी प्यायली. मग खूप वेळाने, चेहरा शालीत पुसून, तिने विचारलं, "सोबती, रेघेच्या अलीकडे विमान आहे तोवर तर जुनीच तारीख चालते ना? मग आत्ता आपण जिथे आहोत तिथे कधीतरी रात्रीचे बारा वाजतील. तेव्हा काय होईल?"

"दहा जानेवारी सुरू होईल."

"मग ती कधी संपेल?"

सोबतीच्या पडद्यावर आकडे धावले. "तिकिटावर फक्त निघायच्या आणि पोचायच्या गावाची वेळ असते. पण विमानाखालच्या समुद्राचीही वेळ असते. तिला स्थानिक वेळ म्हणतात. जहाजं ज्या नियमाने ती धरतात त्याच नियमाने मी मोजतो. निघाल्यापासून सुमारे साडेसहा तासांनी, विषुववृत्ताच्या थोडं अलीकडे, आपल्या खाली मध्यरात्र होईल. एकशे ऐंशी रेखांश आपण ऑकलंडच्या सव्वा तास आधी ओलांडू. म्हणजे तुझा वाढदिवस आहे. तो गाळलेला नाही. तो लहान आहे."

"किती लहान?"

"सव्वासहा तासांचा."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आईबाबांना कदाचित ठाऊकच नव्हतं. त्यांनी दिवस टाकून दिला होता आणि तो पुरता बुडाला की नाही हे वळून पाहिलंही नव्हतं.

"मी झोपणार नाही," केतकी म्हणाली.

मध्यरात्र झाली तेव्हा सोबतीने पडद्यावर फक्त तारीख दाखवली. गाणं म्हणू का असं त्याने विचारलं आणि केतकी नको म्हणाली. मालियाने डोक्यावरच्या कप्प्यातून एक डबा काढला. व्हँकूवरच्या बहिणीने तिला तळलेले गोल गोळे करून दिले होते, पानिकेके म्हणतात त्यांना, आपल्या गुलगुल्यांसारखे. केतकीने तीन खाल्ले. खाली समुद्र होता, काळा, काहीच न दिसणारा. ती पडद्यावर विमानाचा ठिपका सरकताना बघत होती आणि मधूनच काहीबाही विचारत होती.

"मग मी अकरा वर्षांची झाले का? की अकराव्यातले अठरा तास कमी पडले?"

"तू जन्मल्यापासून पृथ्वी सूर्याभोवती अकरा वेळा फिरून आली. वय त्या फेऱ्यांचं असतं. पृथ्वीला तारखा माहीत नाहीत आणि वाररेषेपाशी ती थांबतही नाही. तुझा एक क्षणही कुठे गेलेला नाही. फक्त त्या क्षणांवर जी नावं लिहिली होती ती बदलली."

केतकीने यावर विचार केला. ते पटत होतं आणि तरी पुरेसं नव्हतं. "मालियाच्या लोकांनी तर रेघच हलवली," ती म्हणाली. "म्हणजे माणसांनी ठरवलं तर ती हलते."

"हो. बेटांसाठी ती बऱ्याच ठिकाणी वाकवलेली आहे. एका देशातल्या लोकांची तारीख एक राहावी म्हणून."

"आमच्या घरी कुणी वाकलं नाही," केतकी म्हणाली.

रेघ आली तेव्हा ती जागी होती. काही झालं नाही. विमान हललं नाही, समुद्र उजळला नाही. पडद्यावर दहाच्या जागी अकरा आले, इतकंच.

ऑकलंडला उतरताना मालियाने शाल तिच्याकडेच राहू दिली. बाहेर दारापाशी आई उभी होती, हातात फुगे घेऊन. तिने केतकीला घट्ट धरलं. "अकरा वर्षांची झाली माझी पोर. काल काय गं आठवण आली तुझी. पण काय करणार, दुसरं विमानच—"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बाबा होते. आईने फोन केतकीकडे दिला.

"वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा, केतू," बाबा म्हणाले. "बघ, बरोबर दिवशी केला की नाही फोन? आज दहा."

आईने ते ऐकलं. तिने फोन परत घेतला. "हृषीकेश, आज अकरा आहे."

"तुमच्याकडे. इथे दहाची सकाळ आहे."

"म्हणजे तू हे मोजून ठेवलं होतंस. दिवस तुझ्याकडे राहावा म्हणून."

"मी काय मोजून ठेवलं? तारीख दोघांनी मिळून ठरवली होती, तूच म्हणालीस की—"

आई बाजूला वळली, पण आवाज तिने कमी केला नाही. लोक वळून बघत होते. फुगे आईच्या मनगटाला बांधलेले होते आणि ती हात हलवेल तसे उडत होते. सोबती केतकीशेजारी उभा होता. मूल ताब्यात मिळाल्याची खूण म्हणून पालकाचा अंगठा लागल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं.

केतकीने हात पुढे केला. "आई, फोन दे."

आईने दिला. केतकीने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"तुमचं दोघांचंही बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे दहा आहे आणि इथे अकरा आहे. मधे रेघ आहे म्हणून. त्यात भांडण्यासारखं काही नाही." "पण विमान रोज जातं. मी विचारलं. आठ तारखेच्या विमानात पस्तीस जागा रिकाम्या होत्या."

फोनमधून बाबांच्या स्वयंपाकघरातल्या किटलीचा आवाज येत होता.

"तुम्हाला एकमेकांना द्यायचा नव्हता म्हणून तुम्ही तो समुद्रात टाकलात."

"केतू, तसं नाही गं," बाबा म्हणाले.

"मग कसं?"

आईने तोंडावर हात ठेवला होता.

"पुढच्या वर्षी निघायची तारीख मी ठरवणार," केतकी म्हणाली. "एका वर्षी बाबांकडे, एका वर्षी आईकडे. आणि मला खोटं सांगायचं नाही."

"बघू," आई आणि बाबा एकदमच म्हणाले.

"बघू नाही. हो म्हणा."

आधी आई हो म्हणाली, अगदी हळू. बाबांना थोडा वेळ लागला, पण तेही म्हणाले. आईने सोबतीच्या पडद्यावर अंगठा टेकवला. "प्रवास संपला," तो म्हणाला. "केतकी, तुला चालत सांगितलेलं तू लक्षात ठेवलंस. मला आनंद होण्याची सोय नाही, पण नोंद मी चांगली करतो." आणि तो पुढच्या मुलाला घ्यायला निघून गेला.

आईने गाडी विमानतळाबाहेर काढली. मग म्हणाली, "घरी जाताना केक घेऊया?"

"नको. आज अकरा तारीख आहे."

"मग या वर्षी काहीच नाही?"

"झाला ना माझा. सव्वासहा तासांचा."

आईला काही कळलं नाही. सिग्नलला गाडी थांबली होती. तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि गुडघ्यांवर कुणाची तरी परकी शाल. "म्हणजे कसा?" आईने विचारलं. "मला सांगशील?"

केतकीला सांगायचं नव्हतं. तिचा राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. पण तिला हेही ठाऊक होतं, की पुढच्या वर्षी तिकीट काढायच्या वेळी या दोघांना रेघ नीट समजलेली असायला हवी. तिने शाल बाजूला केली.

"आधी असं समज की विमान म्हणजे पृथ्वी आहे," ती म्हणाली. "आणि आपण पश्चिमेकडे चाललोय. मधे बोलू नकोस."

सिग्नल हिरवा झाला. आईने गाडी सुरू केली आणि ती मधे बोलली नाही.